पोत्याची मागची बाजू

आमचा जत तालुका सांगली जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला. पाऊस कमी, माळ जास्त. दक्षिणेला निघालं की कर्नाटक लागतं आणि कृष्णा ओलांडून पुढं गेलं की मुधोळ. तिथल्या घोरपडे राजांनी जी कुत्री हौसेनं सांभाळली, वाढवली, त्यांना जगात मुधोळ हाऊंड म्हणतात. आमच्याकडं त्यांना कारवानी म्हणायची पद्धत. टपाल खात्यानं २००५ साली या जातीचं तिकीट काढलं. पण तिकीट निघायच्या कितीतरी आधीपासून आमच्या वस्तीवर एक तरी कारवानी असायचाच. लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं आणि पाय काठीसारखे. नवखा पाहुणा आला की हमखास विचारतो, "काय वो, उपाशी ठेवताय का काय ह्याला?"

आण्णांच्या काळात ही कुत्री सशामागं सुटायची. सुगी झाली, रानं मोकळी झाली की पाच-सात माणसं आणि तीन-चार कुत्री पहाटेच माळाला लागायची. कुत्र्याचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी, ताक, कधी कण्या आणि शिकार झाली तर आतडी-काळजाचा वाटा. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला तेव्हा मी शाळेत होतो. कायदा कागदावर आला आणि माळावर पोचायला त्याला काही वर्षं लागली, पण पोचला. आता ससा मारणं गुन्हा आहे आणि तेच बरोबर आहे. ससेही कुठं राहिलेत पूर्वीसारखे!

शिकार बंद झाली, कुत्रं मात्र शिकारीचंच राहिलं. त्याची छाती, त्याचे पाय, त्याचे डोळे कायद्यानं बदलत नाहीत. आज माझ्याकडं दोन आहेत. पवन्या सत्तावीस किलोचा, हरणी तेवीस किलोची. रात्री वस्तीची राखण, दिवसा बागेतली माकडं हाकलणं आणि दिवाळीनंतर जत्रांतून शर्यती लागतात तेव्हा पवन्याचं पळणं. शर्यतीच्या दिवसांत थोरला मोटारसायकल हळू चालवत पुढं जातो आणि पवन्या मागं कच्च्या रस्त्यानं तीन-चार किलोमीटर पळतो.

या दोघांसाठी आमच्या घरात रोज आठ भाकरी व्हायच्या. माणसांच्या वेगळ्या. दोन वर्षांपूर्वी मंडळींचा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना, पदर घेताना तोंडातून आवाज निघायचा. डॉक्टरनं व्यायाम सांगितला, शेक सांगितला आणि थापायचं काम कमी करा म्हणाला. घरी आल्यावर ती पडवीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "माणसांच्या भाकरी मी करीन. कुत्र्यांच्या आठ आता माज्याच्यानं व्हायच्या न्हाईत. काय करायचं ते तुमी बगा."

सून सकाळी शाळेवर शिकवायला जाते. तिनं पहाटे उठून कुत्र्यांसाठी आठ भाकरी थापाव्यात असं म्हणायला माझी जीभ रेटली नसती. म्हणून पोत्यातल्या खाण्याचा विचार सुरू झाला. ते कोरडे, शेवखंडाएवढे तपकिरी दाणे मी लोकांकडं बघितले होते. शर्यतीला येणारी कोल्हापूर, कर्नाटकाकडची पोरं गाडीत पिशव्या घेऊनच येतात.

मिरजेला दुकानात गेलो. भिंतभर पोती. एकावर लांडगा, एकावर लालभडक मांसाचा तुकडा, एकावर सोनेरी केसांचं कुत्रं बक्षिसाचा कप घेऊन बसलेलं. दुकानदार म्हणाला, "तात्या, ह्येच न्या. ह्याच्यात सगळं हाय." सगळं आहे म्हणजे काय आहे, हे त्याला सांगता येईना. मी पोतं उलटं केलं. ही माझी खताची सवय. खत घेताना पोत्यावरच्या हिरव्या पिकाकडं कोण बघतं? १०:२६:२६ आहे का १८:४६ आहे ते बघायचं. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती. पशुखाद्याच्या पोत्यावरही तसंच, प्रथिनं किती, स्निग्ध किती. कुत्र्याच्या पोत्यालाही मागची बाजू असते आणि खरं काय ते तिथंच बारीक अक्षरांत असतं.

अडचण एवढीच की खताच्या पोत्यावर मराठी असतं. इथं मी बघितलेल्या एकाही पोत्यावर मराठी अक्षर नव्हतं. दहावीपर्यंतचं माझं इंग्रजी, त्यात ती मुंगीएवढी अक्षरं. मी पाच पोत्यांच्या मागच्या बाजूचे मोबाईलवर फोटो काढले आणि मोकळ्या हातानं घरी आलो. दुकानदाराला वाटलं असेल, म्हातारा फिरवतोय.

संध्याकाळी नात फोटो मोठे करून वाचत बसली. ती बारावी सायन्सला. ती वाचायची आणि मी वहीत लिहायचो. प्रत्येक पोत्यावर चार आकडे असतात. प्रथिनं कमीत कमी इतकी. चरबी कमीत कमी इतकी. तंतू जास्तीत जास्त इतके. ओलावा जास्तीत जास्त इतका. पाच पोत्यांत प्रथिनं २० पासून ३० टक्क्यांपर्यंत आणि चरबी ८ पासून १८ पर्यंत होती. ओलावा सगळीकडं दहा-बाराच्या आसपास.

आता या आकड्यांचा आमच्या भाकरीशी मेळ घालून बघायचा होता. ज्वारीच्या पिठात शंभराला दहाएक प्रथिनं. एका कुत्र्याच्या चार भाकरीला तीनशे ग्रॅम पीठ, म्हणजे तीस ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीच्या दुधातून वीस. एका अंड्यातून सहा. बेरीज छप्पन्न. २६ टक्क्यांचं पोतं घेतलं तर चारशे ग्रॅम दाण्यात एकशे चार. नात म्हणाली, "तात्या, म्हणजे दुप्पट की वो!" दुप्पट खरं. पण दुप्पट पाहिजे का, हा पुढचा प्रश्न.

आकडा बघून लगेच भुलायचं नाही, हे आम्हा शेतकऱ्यांना युरियानं शिकवलंय. खाद्यातली प्रथिनं मोजताना प्रयोगशाळेत त्यातला नत्र मोजतात आणि त्याला सव्वासहानं गुणतात. पशुखाद्यात थोडा युरिया मिसळला की प्रथिनांचा आकडा वर जातो. गाई-म्हशीच्या पोटातले जिवाणू त्या युरियाचंही काही भलं करतात. कुत्र्याच्या पोटात ती सोय नाही. २००७ साली अमेरिकेत हजारो कुत्र्या-मांजरांच्या खाण्यात असाच घोळ निघाला. चीनहून आलेल्या गव्हाच्या चिकट पिठात मेलामाइन मिसळलेलं होतं. नत्र भरपूर, आकडा छान. जनावरांची मूत्रपिंडं बंद पडली आणि खाद्य दुकानांतून परत घ्यावं लागलं. म्हणून आकड्याच्या खाली जी घटकांची यादी असते ती वाचायची. प्रथिनं किती हे आकडा सांगतो, कशातून आली ते यादी सांगते.

यादीत जे वजनानं सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, मग उतरत्या क्रमानं बाकीचं. पाचपैकी दोन पोत्यांवर पहिलाच घटक मका होता. मांसाचं नाव चौथ्या-पाचव्या नंबराला. ती दोन्ही खोडली. एकावर पहिलं ताजी कोंबडी लिहिलं होतं आणि मग तांदूळ, मका, गव्हाचा कोंडा, मक्याचा चोथा. इथं थांबून विचार करायचा. ताज्या मांसात शंभरातलं सत्तर तर पाणीच. ते वाळवून दाणा केला की मागं उरतं किती? आणि मक्याचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी लिहिले की मका एकटा कधीच पहिला येत नाही. उरलेल्या दोन पोत्यांवर पहिलं नाव कोंबडीच्या वाळवलेल्या भुकटीचं होतं. नाव ऐकायला चांगलं वाटत नाही, पण पाणी आधीच गेलेलं असल्यामुळं वजनाला वजन तिच्यात प्रथिनं जास्त.

त्यातलं एक पोतं धान्याशिवायचं. किलोला सहाशेच्या वर. थोरल्याच्या एका मित्रानं तेच घ्या म्हणून सांगितलं होतं, कुत्रा मूळचा लांडगा, त्याला धान्य कशाला. मला ते पटलं नाही. आमची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर वाढली आणि सशाला गाठत राहिली. शिवाय धान्य काढलं की त्या जागी वाटाणा, मसूर भरतात. अशा खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयाच्या दुखण्याशी काही संबंध आहे का, याचा तपास अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानं २०१८ साली जाहीर केला. नातीनं ते वाचून दाखवलं. संबंध पक्का ठरलेला नाही, तरी शेकड्यानं पैसे जास्त देऊन असली काळजी विकत घ्यायचं मला कारण दिसेना.

राहिलं एक. प्रथिनं २६, चरबी १४, पहिली कोंबडीची भुकटी, मग तांदूळ, मग मका. वीस किलोचं पोतं, किलोला दोनशे दहा रुपये.

दुप्पट प्रथिनं पाहिजेत का, या प्रश्नाचं उत्तर पोत्यावर नसतं, ते कुत्र्याच्या पायात असतं. दिवसभर रानात फिरणाऱ्या कुत्र्याला ताकद चरबीतून मिळते, त्याला सोळा-अठरा टक्के चरबीही पचते. मिनिटभर जीव तोडून पळणाऱ्याचं वेगळं. आणि पावसाळ्यात दावणीला झोपणाऱ्याला तेवढंच घातलं तर सहा महिन्यांत पोट सुटतं. शिकारी कुत्र्याचं खाणं म्हणून पोतं विकत घेताना स्वतःला विचारायचं, हा आता पळतो किती? आण्णांच्या कुत्र्याचं खाणं माझ्या कुत्र्याला घालून चालत नाही. मी ठरवलं, शर्यतीच्या दिवसांत पवन्याला चारशे ग्रॅम, पावसाळ्यात तीनशे. हरणीला तीनशे वीस. पोत्यावर वजनाप्रमाणं तक्ता असतो, पण तो तक्ता अंदाज आहे. मापटं आपल्या हातात ठेवायचं.

मग खर्चाचं पान लिहिलं. घरचं खाणं दोघांना दिवसाला सहाशे ग्रॅम पीठ, चोवीस रुपये. एक लिटर दूध डेअरीला घातलं तर पन्नास. दोन अंडी चौदा. झाले अठ्ठ्याऐंशी. पोत्याचं खाणं दिवसाला सातशे वीस ग्रॅम, एकशे एक्कावन्न रुपये. फरक त्रेसष्ट रुपये. महिन्याला एकोणीसशेच्या जवळ. दोन एकर द्राक्ष आणि बाकी कोरडवाहू असलेल्या घरात ही रक्कम लहान नाही. थोरला म्हणाला, "परवडत न्हाई तात्या. अर्धं पोतं, अर्धी भाकरी करू."

मंडळी चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "पिठाचा भाव लावला, दुधाचा लावला, अंड्याचा लावला. थापणाऱ्या हाताचा किती लावला?"

कुणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "हाटेलात एक भाकरी वीस रुपयाला देत्यात. त्यात जळण त्यांचं."

मी वहीत आणखी एक रकाना पाडला. आठ भाकरी, त्रेसष्ट रुपये. भाकरीमागं आठ रुपयेसुद्धा पडत नव्हते. हॉटेलच्या भावानं दिवसाला एकशे साठ झाले असते. चाळीस वर्षं हे काम त्या घरात फुकट होत आलं होतं, आधी माझ्या आईच्या हातानं, मग हिच्या. थोरल्यानं पान बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मिरजेहून पोतं घेऊन आला.

पोतं आणलं म्हणून त्याच दिवशी भांडं भरायचं नसतं. जनावराचा चारा एकदम बदलला की ते हागवण लावतं, तसंच कुत्र्याचं. पहिले दोन दिवस पाव भाग दाणे, मग निम्मे, मग पाऊण, असं करत आठवड्यानं पूर्ण बदल केला. हरणीनं दोन दिवस तोंड फिरवलं. कोमट पाणी घालून दाणे मऊ केले, तेव्हा खाल्लं. कोरड्या खाण्यात पाणी नसतंच, म्हणून पाण्याचं भांडं कायम भरलेलं पाहिजे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर दोनदा धुऊन भरावं लागतं.

खाणं लागू पडलं की नाही ते कुत्रं स्वतःच सांगतं. शेण बघितल्याशिवाय जनावर विकत घेऊ नये असं आण्णा म्हणायचे. कुत्र्याचीही विष्ठा बघायची. घट्ट, लहान आणि उचलता येण्यासारखी असली तर खाणं अंगी लागतंय. ढीगभर पडत असेल तर आपण भुशाचे पैसे दिले. महिन्या-दीड महिन्यात केस बघायचे, तकाकी आली का. आणि बरगडीवरून हात फिरवायचा. आपली मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवर हात फिरवा, तसं लागलं तर कुत्रं वाळलंय. तळहातासारखं लागलं तर माजलंय. मोकळ्या पंजाच्या मागच्या बाजूसारखं लागलं तर बरोबर. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसायलाच पाहिजेत. पाहुण्याच्या बोलण्याला लाजून त्याला जाड केलं तर तो पळायचा नाही आणि सांधे जातील ते वेगळंच.

खोल छातीच्या कुत्र्याची एक गोष्ट जिवाशी खेळणारी. भरल्या पोटी पळवलं की त्याचं पोट फुगून पीळ पडायचा धोका असतो. आमच्या पलीकडच्या वस्तीवरचा एक देखणा कुत्रा असाच गेला. संध्याकाळी भरपेट खाल्लं, लगेच पोरांनी पळवला. पोट ढोलासारखं झालं, नुसती ओकारी यायची, बाहेर काही पडायचं नाही. डॉक्टर गाठेपर्यंत मध्यरात्र झाली. म्हणून आमच्याकडं खाणं दोन वेळेला वाटून घालतात. पळायच्या आधी तीन-चार तास काही नाही आणि पळून आल्यावर धाप बसेपर्यंत, निदान तासभर, भांडं पुढं करायचं नाही.

पोतं ठेवायचीही रीत आहे. सुटं, किलोवर विकतात ते दुकानातलं उघडं पोतं घ्यायचं नाही. त्यातली चरबी हवेनं खवट होते, शेंगदाणा खवट होतो तशी. मक्याला बुरशी आली तर तिचं विष कुत्र्याच्या यकृताला लागतं. तारीख बघायची, पोत्याचं तोंड प्रत्येक वेळी वळून बांधायचं आणि ते पोत्यासकट पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. एक पोतं आमच्याकडं अठ्ठावीस दिवस जातं. दीड महिन्याच्या वर उघडं राहील एवढं मोठं पोतं एका कुत्र्यासाठी आणू नये. आणि आमच्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसांना हात जोडून सांगणं, ताकद येते म्हणून दाण्यांत मूठभर बेदाणा टाकू नका. माणसाला बेदाणा चांगला, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही विष आहेत. शेडमध्ये सांडलेला बेदाणाही झाडून घ्यावा.

मागच्या वर्षी हरणीला पाच पिल्लं झाली. पिल्लांचं पोतं वेगळं असतं. त्यात चुन्याचं प्रमाण हाडांच्या वाढीला बेतून घातलेलं असतं. नुसत्या भाकरीवर वाढलेल्या पिल्लाचे पुढचे पाय वाकतात, हे मी लहानपणी खूप बघितलंय. पण पिल्लाचं चांगलं पोतं चालू असताना वरून कॅल्शियमची बाटली पाजणं तेवढंच वाईट. लवकर वाढणाऱ्या हाडाला जास्तीचा चुनाही बाधतो.

पिल्लं बघायला पुण्याहून एक जोडपं आलं. दोघं नोकरीवाले. त्यांचा पहिला प्रश्न, "काका, कोणत्या कंपनीचं फूड देऊ?" मी म्हटलं, "ते सांगतो, आधी हे पळणार कुठं ते सांगा." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाई म्हणाली, "मी रोज पहाटे टेकडीवर जाते. तासभर. पाऊस असला तरी जाते." तिचे बूट बघितले, झिजलेले होते. मी पिल्लू दिलं. वहीतलं पान नातीकडून उतरवून दिलं, कंपनीचं नाव न लिहिता, नुसते आकडे आणि घटक कोणत्या क्रमानं बघायचे ते. चालू पोत्यातले दोन किलो दाणे पिशवीत बांधून दिले, म्हणजे बदल सावकाश होईल.

गाडी सुरू व्हायच्या वेळी मंडळी बाहेर आल्या. हातात कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी होती, आमच्या जेवणातली. "वाटंत रडलं तर ह्याचा वास द्या," बाईला म्हणाल्या. "आईच्या तोंडाला हाच वास हुता."